लासलगावी कार्बन

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण नाशकात आजघडीला चारशे गाड्या अशा फिरतायत, ज्यांच्या अंगावर लासलगावच्या कांद्याची कातडी आहे. देवरामची ही सुरुवात ठरलेली. भारतच्या गॅरेजात उलट्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर बसायचं, चहाचा ग्लास गुडघ्यावर टेकवायचा, हे एवढं वाक्य सोडून द्यायचं आणि गळ टाकून बसलेल्या माणसासारखं गप्प राहायचं. गॅरेजात एखादा नवा माणूस असायचाच. तो विचारायचा, म्हणजे कसं काय काका? मग चारशेच्या पाचशे व्हायच्या, आणि मग तो जर्मन यायचा. खास जर्मनीहून अंबडच्या कुठल्याशा कारखान्यात आलेला साहेब. त्याने भर रस्त्यात एक झेन थांबवली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, हे कार्बन फायबर आमच्याकडच्याहून बारीक विणीचं आहे, बनतं कुठे? आणि वाकून वास घेतला तर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मुळात कांदाच ना तो!" असं म्हणून देवराम स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा. लोक हसायचे. जर्मन आला नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, गाड्यांचा आकडा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला नाही हे निदान भारतला तरी ठाऊक होतं, पण आजवर एकाही माणसाने, काका, फेकू नका, असं म्हटलं नव्हतं. हसणाऱ्याला खऱ्याखोट्याशी काय देणंघेणं? देवरामला ते हसू हवंही असायचं आणि त्याच वेळी आत कुठेतरी त्या सगळ्यांची किळसही यायची. बघत नाहीत साले. कुणी म्हणून बघत नाही.

गोष्ट तशी साधी होती. कॉलेज रोडवरच्या पोरांना त्या दिवसांत कार्बन फायबरचं वेड लागलं होतं. काळं, विणलेलं, काचेसारखं चमकणारं, आणि वजनाला पिसासारखं हलकं बॉनेट. अस्सल घ्यायचं तर त्या पैशात दुसरी जुनी गाडी आली असती. देवराम तेच काम सिडकोतल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात हजार-बाराशेत करून द्यायचा. पत्रा घासायचा, प्रायमर मारायचा, वर कुळकुळीत काळा रंग द्यायचा. तो वाळला की त्यावर कांद्याची लाल जाळीची गोणी उसवून तिरकी, ताणून, चिमट्यांनी गच्च बसवायची. मग जाळीतून राखाडी रंगाचा हलका फवारा. जाळी उचलली की काळ्यावर राखाडीची वीण उमटलेली असायची. त्यावर लॅकरचा चकचकीत थर, मग पाण्याच्या पॉलिश पेपरने घासणं, पुन्हा लॅकर. वजन रतीभर कमी होत नसे. पुट्टीमुळे पावशेर वाढतच असे. पण गिऱ्हाईक घरी नेऊन उचलून बघतं आणि म्हणतं, काय हलकं लागतंय हो! देवरामने हे कानांनी ऐकलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्याने भाकरी खाल्ली नव्हती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि मग तो सिग्नल. मुंबई नाक्यावर, दुपारी साडेबाराला. भारतच्या स्कूटरवर मागे बसून तो थिनरचा डबा मांडीवर धरून चालला होता. शेजारी एक पांढरी एस्टीम येऊन थांबली. भारतने मान वळवली. "काका, हे आपलंच बॉनेट का हो?" देवरामने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पाहिलं आणि त्याला काही सापडलं नाही. कडेची पांढरी गाडी होती, काचेवरचं ऊन होतं, बॉनेटचा काळेपणाही होता. पण जिथे नजर रोखावी तिथे, बरोबर तिथेच, पाण्यावर तेल सांडावं तसा एक मळका डाग पसरला होता. डोळा सरकवला की डागही सरकत होता. अस्सल की गोणीचं? आपलं की परक्याचं? वीण आहे तरी का? या सगळ्याला अर्धा क्षण लागला असेल, कारण तोंड आधीच बोलून मोकळं झालं होतं. "आपलंच की. उजव्या कोपऱ्यात बघ, दिव्याच्या वर. जाळीचा एक धागा सुटलाय तिथे. त्या दिवशी वारा होता." भारत वाकला. आणि म्हणाला, "हो की! सुटलाय खरा. काय नजर आहे राव काका तुमची, एक नंबर!" मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल सुटला असावा. देवरामला वरचे तिन्ही दिवे सारखेच दिसत होते, राखेच्या तीन गोळ्यांसारखे. स्कूटरने हिसका दिला, थिनरचा डबा पोटात रुतला, आणि अंगातून जे थंडगार काही सरकत गेलं ते नजर गेल्याच्या भीतीचं नव्हतं. ती भीती नंतर आली. भारतला तो धागा दिसला होता, याचं ते होतं. जो धागा देवरामने तोंडातून काढून तिथे ठेवला, तो दोन चांगल्या डोळ्यांच्या माणसाला दिसला होता.

बावीस वर्षं त्याने डोळ्यांवर भाकरी खाल्ली होती. सातपूरच्या एका कारखान्यात गाड्यांची दारं रंगून यायची आणि शेवटी देवरामच्या खोलीतून पुढे जायची. चारी बाजूंनी ट्यूबलाइट लावलेली ती पांढरी खोली, आत सावली म्हणून पडत नसे. हातात पिवळा खडू. दार समोर आलं की तो बाजूला सरायचा, मान तिरकी करायचा आणि दारावरून नजर अशी घसरत न्यायचा की जणू ती बोटांनीच फिरतेय. ओघळ, फुगा, धुळीचा कण, संत्र्याच्या सालीसारखी खडबड. सापडलं की पिवळा गोल. गोल पडला की दार परत. साहेब लोक पाहुण्यांना आणून दाखवायचे, हा आमचा देवराम, याच्या डोळ्यातून मुंगीचं पाऊल सुटत नाही. त्या वाक्यावर तो दोन-दोन दिवस जगायचा. सहादू त्याच्याच बरोबर लागलेला, फवारणीवर. एका डब्यात जेवणारे दोघं. सत्त्याण्णव साली सहादूचा हात थरथरायला लागला. फार नाही, दाराच्या खालच्या कडेला हात वळवताना तेवढा. देवरामच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. एका आठवड्यात त्याने सहादूची आठ दारं परत पाठवली. नवव्या दिवशी सहादूला भंगाराच्या यार्डात टाकला, उन्हात, लोखंड मोजायला. जाताना तो त्या पांढऱ्या खोलीच्या दारात उभा राहिला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सात पाठवलीस ते ठीक. आठव्याला डोळा मिटला असतास तर काय बिघडलं असतं रे?" देवराम म्हणाला, "आठव्यालाही ओघळ होता." आणि तेव्हा त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता. खरोखरचा. घरी आल्यावर त्याने बायकोला, सुवर्णाला, हे सांगितलंही होतं, डोळ्याला मित्र कळत नाही म्हणून. ती पीठ मळत होती. "सहादूभाऊंना तीन लेकरं आहेत," एवढंच म्हणाली.

सन दोन हजारात कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा डोळाही कमी केला. दारं तपासायला यंत्र आलं. देवराम घरी बसला, मग बसवेना म्हणून मोटरसायकलच्या टाक्या रंगवायला लागला, आणि मग ती गोणी. गोणीची गोष्ट तो अशी सांगायचा: तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मच्छरदाणी लावून बघितली, चाळण लावून बघितली, बायकोच्या साडीची किनार फाडून बघितली, आणि एक दिवस शास्त्रज्ञाला सुचावं तसं सुचलं. झालं होतं ते वेगळंच. निफाडहून मोतीरामने, सुवर्णाच्या भावाने, कांद्याची गोणी पाठवली होती. सुवर्णाने कांदे ओतले आणि रिकामी गोणी सहज काळ्या टाकीवर टाकली. देवराम फवाऱ्याची गन साफ करताना राखाडी रंग हवेत उडवत होता. गोणी उचलली तेव्हा तीच म्हणाली, "अहो, हे बघा, कसं विणल्यासारखं उमटलंय." तेवढं म्हणून ती कांदे पसरायला गेली. जाळी ताणायची तीही तिनेच. निफाडच्या मळ्यात तिचं निम्मं आयुष्य गोण्या शिवण्यात गेलं होतं, कुठली गोणी कुठल्या बाजूला ओढ देते हे तिच्या हातांना झोपेतही कळलं असतं. देवरामने ताणली की वीण वाकडी व्हायची, आणि हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण त्याच्या यायचं. म्हणून ती ताणायची आणि तो फवारायचा. दारात गिऱ्हाईक आलं की तो झोप नाही, जेवण नाही सुरू करायचा. आत स्वयंपाकघरात कालथा क्षणभर थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा. पाच वर्षांत तो कालथा थांबण्यापलीकडे तिने काही केलं नव्हतं.

सिग्नलनंतरच्या आठवड्यात तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. घरात सांगितलं, भारतकडे जातो. डॉक्टर तरुण होता, बोटं गार होती. भिंतीवरची अक्षरं मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत होती आणि देवरामला फक्त कडेची अक्षरं दिसत होती. मधली सगळी कुणीतरी खाऊन टाकली होती. डॉक्टरने लाल झाकणाची बाटली एकेका डोळ्यासमोर धरली. "रंग कसा दिसतो?" देवराम म्हणाला, "लाल." कारण झाकण लाल असणार हे डॉक्टरच्या आवाजावरूनच कळलं होतं. दिसत होतं ते वाळलेल्या विटकरी चिखलासारखी. लाल रंग आधी जातो, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि गोण्या एवढ्यात जुन्या, विटलेल्या रंगाच्या का येतायत, मोतीराम फसवतोय का, हे जे त्याच्या मनात दोन महिने चाललं होतं त्याचाही उलगडा झाला. डॉक्टर म्हणाला, मागची नस सुकत चाललीय. "काका, काम काय करता? रंग, थिनर, असलं वासाचं काही? तसं असेल तर आजच्या आज बंद करा. गेलंय ते येणार नाही, पण उरलंय ते उरेल." त्या खोलीतही ट्यूबलाइट होत्या. खरं बोलायला एवढी मोकळी जागा त्याला पुन्हा मिळणार नव्हती. "छे हो," देवराम म्हणाला, "आमची द्राक्षबाग आहे निफाडला." आणि मग बाग वाढत गेली. पाच एकर झाली, तिच्यात शेततळं आलं, एका परदेशी व्यापाऱ्याने वेलीवरच घड मोजून पैसे दिले. डॉक्टर हसला. त्याने गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन देवराम फुटपाथवर बराच वेळ उभा राहिला. काम बंद केलं तर राहिलंच काय? ऑइलचा डबा राहणार नाही, चहा राहणार नाही, काय नजर आहे राव हे वाक्य राहणार नाही. राहील तो घरातल्या खुर्चीवर बसलेला एक माणूस, ज्याच्यासमोरून लोक पाण्याचा तांब्या घेऊन जातील आणि सांगतील, तांब्या इथे ठेवलाय हं. ते हं त्याला आधीच ऐकू यायला लागलं होतं. भारतला कळलं की दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या दुसऱ्या कुणाकडे काम जाईल, यात त्याला शंका नव्हती. त्यानेही तेच केलं असतं. त्याने तेच केलं होतं.

म्हणून तो जास्त बोलायला लागला. नजर चुकली की गोष्ट पुढे करायची. समोरच्या माणसाला ओळखता आलं नाही की, या या, तुमचीच आठवण काढत होतो, असं म्हणून त्याला बोलतं करायचं आणि आवाजावरून नाव पकडायचं. फवारा तो अंगाच्या अंदाजाने मारत होता. हात किती लांब, चाल किती सावकाश, हे खांद्याला पाठ होतं. वाळलेल्या पत्र्यावरून बोटांची टोकं फिरवली की वीण कळायची. आणि कामं चांगली जात होती! सिग्नलनंतरच्या चार महिन्यांत एकही परत आलं नाही. देवरामला आधी हे नवल वाटलं, मग अपमान वाटायला लागला. आपण आंधळेपणी मारलेला रंग आणि डोळसपणी मारलेला रंग यांत जगाला फरक कळू नये? बावीस वर्षांचा पिवळा खडू मग कशासाठी होता? सहादूची आठ दारं कशासाठी? कुणीतरी यावं, बॉनेट समोर आपटावं आणि ओरडावं, देवराम, हे काय केलंस, असं त्याला एकदा न्हाणीत पाणी अंगावर घेताना अगदी स्पष्ट वाटलं. आणि त्याच वाटण्याच्या पाठोपाठ, तांब्या हातात तसाच धरून, त्याने घाबरून दाराची कडी चाचपली.

उत्तर बोटांनी दिलं. एका सँट्रोच्या आरशाच्या कव्हरवर लॅकरचा ओघळ राहिलाय असं त्याला फवारतानाच जाणवलं होतं. गन क्षणभर एका जागी थांबली होती. सकाळी वाळल्यावर त्याने तिथे बोट नेलं. ओघळ नव्हता. जिथे असायला हवा होता तिथे पाण्याच्या पेपरने घासून पुन्हा हलका फवारा दिलेला होता, इतका नाजूक की कारखान्यातल्या त्या खोलीतही तो पकडता आला असता की नाही देव जाणे. त्याने दुसरं कव्हर पाहिलं. मग पलीकडचा डॅशबोर्ड. सगळीकडे त्याच्या पाठीमागून दुसरा एक हात फिरून गेला होता. मग त्याने फळीवरचे रंगाचे डबे चाचपले. गेले काही दिवस बोटांना काहीतरी लागत होतं आणि त्याने लक्ष दिलं नव्हतं. रेड ऑक्साइडच्या, म्हणजे विटकरी प्रायमरच्या, डब्याला दोन रबरबँड होते. काळ्याला एक. राखाडीला एकही नाही. दुधाच्या पिशवीवरचे, साधे रबरबँड. तो फळीसमोर उभा राहिला. आतून सुवर्णा विचारत होती, चहा टाकू का? नेहमीच्याच आवाजात. किती दिवस? सिग्नलच्या आधीपासून? ती सगळं करून, हात धुऊन, चहा टाकू का विचारत होती, आणि गिऱ्हाइकासमोर झोप नाही, जेवण नाही चाललेलं ऐकत होती. आठव्याला तिने डोळा मिटला होता. नवव्याला, दहाव्यालाही. डोळे भरून यावेत असंच काहीतरी होतं ते, आणि देवरामला ते कळतही होतं. पण त्या जागी वर आलं ते निराळंच, कडू, पित्तासारखं. भीक घातली होती तिने. आपण सहादूला जे दिलं नाही ते ही आपल्याला न मागता देतेय, आणि वर बोलतही नाही, म्हणजे परत करायचीही सोय नाही. "टाक," तो म्हणाला. आणि चहा येईपर्यंत त्याने तिन्ही रबरबँड काढून अंगणातल्या शेवग्याच्या मुळाशी फेकून दिले होते.

तिने ते पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी डब्यांना पुन्हा रबरबँड आले नाहीत, एवढंच. आणि त्याच आठवड्यात मोतीरामचा निरोप आला, बागेची काढणी निघालीय, मजूर मिळत नाहीत, अक्काला चार दिवस पाठवा. ती पिशवी भरत म्हणाली, "मी येईपर्यंत नवं काही धरू नका. भारतभाऊंना सोमवार सांगा."

"का? तुझ्यावाचून माझं अडतं की काय?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"म्हण की मग. काय म्हणायचंय ते म्हण."

तिने पिशवीची चेन लावली. "डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे," ती म्हणाली. "डाव्या हाताला." आणि ती निफाडच्या एसटीला गेली. डाव्या हाताला. त्या दोन शब्दांवर तो दिवसभर धुमसत राहिला.

त्या चार दिवसांत त्याने एका लाल रंगाच्या झेनचं बॉनेट आणि दोन आरसे धरले. खरं सांगायचं तर इतक्या सुखाने त्याने कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. घरात दुसरा हात नव्हता. जे होईल ते आपलं. जाळी त्याने स्वतः ताणली, दातांत चिमटे धरून, पत्र्याला पोट लावून. शिवण कुठे येतेय ते ओठांनीसुद्धा चाचपलं. फळीवरचा डबा उचलला, हलवला, गन भरली. कॉम्प्रेसरचा आवाज अंगणात भरला, शेजारच्या सुलाबाईंनी नेहमीप्रमाणे खिडकी आपटली, आणि फवाऱ्याचं ते ओलं धुकं तोंडावर आलं तेव्हा त्याला वाटलं, दिसतंय. जाळी उचलल्यावर त्याने बोटं फिरवली. वीण तिरकी, सरळ, दाट. बारा-बारा धाग्यांनी त्याने ती मोजली. पन्नास बोटं लांब, एक धागा ढळलेला नाही. असं काम अख्ख्या नाशकात कुणी केलं नसेल. रविवारी भारतचा माणूस येऊन माल घेऊन गेला, आणि देवरामने चटणी-भाकरी खाल्ली, उजव्या हाताला ठेवलेल्या डब्यातून. मुद्दाम उजवीकडे ठेवला होता.

सोमवारी सकाळी सुवर्णा आली. येताना द्राक्षांची पेटी आणली होती. आल्या आल्या तिने अंगण झाडलं, बादली भरली, काहीबाही धुतलं; फळीपाशी तिचा झाडू जरा वेळ थांबला आणि पुढे गेला. देवराम ऐकत होता. मग पुढच्या दारात गाडी थांबली आणि भारत बॉनेट डोक्यावर घेऊन बोळातून थेट मागे आला. ते त्याने भिंतीला टेकवलं. आपटलं नाही, टेकवलं.

"काका, हे काय आहे?"

"का? वीण चुकली?"

"वीण? वीण एक नंबर आहे हो. रंग बघा ना! कार्बन आहे का कौल? गिऱ्हाईक म्हणतं, हे बॉनेट घराला लावू का? सगळं गॅरेज हसलं काका. काळ्यावर विटकरी मारलंय तुम्ही. रेड ऑक्साइड आहे ते, सरळ सरळ."

देवराम उन्हात उभा होता. समोर भारतचा आवाज होता, त्या आवाजाभोवती भारतचे खांदे होते, मध्ये तेलाचा डाग. बोटांना अजून त्या विणीची सरळ रेघ आठवत होती. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याला हायसं वाटलं. आलं शेवटी परत. कुणीतरी पिवळा गोल काढला. आता फक्त हो म्हणायचं होतं. भारत वाईट माणूस नव्हता. काका, आधी सांगायचं नाही का, म्हणाला असता, दोन दिवस चहा पाजला असता, आणि तिसऱ्या दिवसापासून तो ऑइलचा डबा दुसऱ्या कुणाला बसायला दिला असता. सुवर्णाचा आवाज बंद झाला होता. ती कुठे होती? त्याने डोळा कडेला फिरवला. भिंतीपाशी, ऊन-सावलीच्या सीमेवर, फिकट रंगाची ती उभी होती, हात खाली सोडून, काही ऐकायचं असलं की उभी राहायची तशीच.

"तुला म्हणून सांगतो भारत," देवरामने आवाज खाली आणला, आणि तोंडाला ती जुनी ओळखीची चव आली, "बाहेर बोलू नकोस. हे माझं काम नाही. डबे मला हीच काढून देते, जाळी हीच लावते. हिला दिसत नाही आताशा."

"काय सांगता? काकूंना?"

"चार-सहा महिने झाले. मधोमध डाग येतो म्हणते. लाल रंग तर साफ गेला. मी डॉक्टरकडे नेलं होतं, नस सुकलीय म्हणाला. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, झाकली मूठ." आणि एकदा धागा हाताला लागल्यावर तो ओढत गेला. परवा हिने चहात साखर म्हणून मीठ टाकलं. सुलाबाईंचा जावई समजून, या या, तुमचीच आठवण काढत होते, म्हणाली, आणि तो होता वायरमन. देवळात चपला ठेवायच्या जागी हात जोडून उभी. गॅसच्या सिलिंडरला म्हणते, जरा सरकून बसा. भारत हसायला लागला, हसताना ओशाळला, पुन्हा हसला. यातलं सिलिंडर तेवढं रचलेलं होतं. बाकीचं सगळं घडलेलं होतं, त्याच्याच बाबतीत, एकेक दिवशी, कुणाला न सांगता. आणि आता ते एकेक तिच्या अंगावर टाकताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की थांबवेना. चार महिने जे छातीत दाबून ठेवलं होतं ते शेवटी बोलता आलं होतं. फक्त नाव तिचं होतं. "मी सांभाळून घेतो," तो म्हणाला. "ओघळ राहिले की मी मागून घासतो. डब्यांना रबरबँड लावून ठेवले होते, ते हिने काढून फेकले. मानी आहे. एवढ्या वेळेला माझं लक्ष चुकलं." तो भिंतीकडे वळला, त्या स्तब्ध, फिकट आकाराकडे, आणि हात किंचित पुढे करून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस गं सुवर्णा. भारत काही परका नाही. वय झालं की व्हायचंच हे. मी आहे ना."

ती हलली नाही. भारत हसायचा थांबला होता. तो इतका गप्प झाला होता की शेवग्यावरचे कावळे ऐकू येत होते. देवरामला ती शांतता आवडली. गोष्ट बसली की अशीच शांतता पडते. तो आणखी एक पाऊल भिंतीकडे गेला. "रडतेस काय वेडे," तो म्हणाला.

"खोटं बोलतायत ते, भारतभाऊ." आवाज त्याच्या पाठीमागून आला, स्वयंपाकघराच्या पायरीवरून, नेहमीचा, चहा टाकू का विचारणारा. "मी ही इथे बसलेय. समजूत काढतायत ना, तो हँगरला वाळत घातलेला माझा गाऊन आहे."